वॉकीटॉकी कोणाच्या हातात?



वॉकीटॉकी कोणती घ्यावी, हा प्रश्न गेल्या महिन्यात मला दोघांनी विचारला. एक कोलोराडोतला भाचा आणि दुसरी इथलीच, नांदेडची, आमची पहाटे फिरायला जाणारी मंडळी. भाचा थंडीत मित्रांबरोबर स्नोमोबाईल घेऊन डोंगरात जातो. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही बर्फावर चालणारी मोटारसायकलच. पुढे चाकाच्या जागी दोन घसरपट्ट्या आणि मागे रणगाड्यासारखा फिरता पट्टा. रस्ता संपतो तिथून यांचं फिरणं सुरू होतं आणि मोबाईलची रेंज त्याच्या आधीच संपलेली असते. आमची मंडळी श्रावणात, नारळी पौर्णिमेला, माहूरच्या परिक्रमेला जातात. रेणुकेचा गड, दत्तशिखर, अनसूयेचं शिखर, मधल्या दऱ्या, जंगल, पाऊस आणि गर्दी. तिथंही दरीत उतरलं की रेंज गेलीच म्हणून समजा.

मी जन्मभर मराठी शिकवलं. विज्ञानाशी माझा संबंध तपासनीस आले की प्रयोगशाळेचं कुलूप उघडण्यापुरता. तरी प्रश्न माझ्याकडे का आला? तर म्हणे, बाई निवांत आहेत, वाचून सांगतील. वाचलं, जाणत्यांना विचारलं आणि माझं एक मत झालं. ते आधीच सांगून टाकते. गटातल्या सर्वांत हुशार माणसाला आवडेल ते यंत्र घेऊ नका. गटातला सर्वांत कच्चा माणूस, तो सर्वांत दमलेला असताना, एका हातानं वापरू शकेल ते घ्या.

हे बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात खरेदी नेमकी उलटी होते. खरेदी करायला बसतो तो गटातला उत्साही तरुण. त्याला यंत्रातलं कळतं, म्हणून त्याला जास्त बटणांचं, जास्त वॅटचं, पडद्यावर आकडे दिसणारं यंत्र हवं असतं. आमच्यातही तसंच झालं. एका मुलानं बाओफेंग यूव्ही-५आर हे नाव काढलं. पाच वॅट, स्वस्त, हवी ती फ्रिक्वेन्सी लावता येते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एकटीनं डोलावली नाही, त्याची कारणं पुढे देते.

आधी खोक्यावर छापलेल्या किलोमीटरांबद्दल. कुठल्या सेटवर दहा, कुठल्यावर पन्नास असं लिहिलेलं असतं. हे आकडे एका डोंगरमाथ्यावरून दुसऱ्या डोंगरमाथ्यावर बोललं तर खरे ठरतील. या हातातल्या सेटांच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे दोन माणसं अगदी सपाट, मोकळ्या जागी उभी राहून बोलली तरी नऊ-दहा किलोमीटरच्या पुढं जमिनीची गोलाईच आड येते. आणि अशी सपाट जागा असते कुठं? आपल्याकडे तुरीचं शेत आहे, उसाचा फड आहे, बाभळी आहेत, घरं आहेत. दोन-तीन किलोमीटर मिळाले तर नशीब समजायचं. मधे डोंगर आला तर हाकेच्या अंतरावरचा माणूससुद्धा ऐकू येत नाही.

मग जास्त वॅट घेतले तर? अर्ध्या वॅटच्या जागी पाच वॅट म्हणजे शक्ती दहापट झाली, पण अंतर दहापट होत नाही. अगदी मोकळ्या आकाशात ते तिपटीच्या आसपास वाढतं, जमिनीलगत त्याहूनही कमी. डोंगराच्या पलीकडे तर अर्ध्या वॅटचा आणि पाच वॅटचा सेट जवळजवळ सारखेच मुके. हे मला कळलं तेव्हा मनात आलं, की वर्गात पोरांनी ऐकावं म्हणून ओरडून शिकवणारे मास्तर आणि हे वॅट एकाच जातीचे. आवाज वाढवून भिंतीपलीकडच्या वर्गाला काही शिकवता येत नाही. दारात एक पोरगा उभा करावा लागतो.

माहूरला तेच करायचं. गटातला एक धडधाकट माणूस उंचावर, दोन्ही बाजू दिसतील अशा जागी बसवायचा. खालच्या दरीतला निरोप त्यानं ऐकायचा आणि पलीकडच्यांना सांगायचा. पूर्वी गावात निरोप्या असायचा तसा. पाच वॅटला जे जमत नाही, ते एक माणूस आणि एक पाण्याची बाटली करून दाखवते. भाच्यालाही मी हेच लिहिलं, की धारेवर एकानं थांबावं आणि उतार एकेकानं ओलांडावा. त्यानं उत्तर पाठवलं, "मावशी, आम्हाला प्रशिक्षणात हेच सांगतात." बरं वाटलं.

आता कायदा. हा भाग कंटाळवाणा आहे, पण नातेवाईकांनी तो जरूर वाचावा.

आमच्या लहानपणी घरातला रेडिओ नुसता ऐकायलासुद्धा परवाना लागायचा. पोस्टात पैसे भरून पुस्तकावर शिक्का मारून आणावा लागे. ती पद्धत ऐंशीच्या दशकात गेली. बोलण्याच्या यंत्राला मात्र आजही नियम आहेत. आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येईल असा सोयीचा पट्टा म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ. तो २०१८ च्या नियमांनी खुला झाला. शक्ती अर्धा वॅट. यंत्राला दूरसंचार विभागाची मान्यता हवी, तिला ईटीए म्हणतात. याशिवाय २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा जुना सिटिझन बँडही परवानामुक्त आहे आणि तिथं पाच वॅट चालतात. पण त्याची पुरी अँटेना पावणेतीन मीटरची होते. जीपवर ठीक आहे, वहिनींच्या हातात ती काठी कशी द्यायची?

बाजारात आणि संकेतस्थळांवर मिळणाऱ्या बऱ्याच वॉकीटॉकी या पट्ट्याबाहेरच्या असतात आणि विकणारा तसं सांगतोच असं नाही. म्हणून तर मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मोठमोठ्या विक्री-संकेतस्थळांना नोटिसा दिल्या आणि अशा विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. फ्रिक्वेन्सी कोणती आणि मान्यता आहे की नाही, हे विकणाऱ्यानं स्पष्ट लिहावं असं त्यात आहे. तेव्हा घेताना दोनच प्रश्न विचारा. फ्रिक्वेन्सी किती? ईटीए आहे का? दुकानदार "चलता है" म्हणाला तर पिशवी उचला आणि घरी या.

परदेशातल्या मंडळींना हात जोडून विनंती. येताना आमच्यासाठी तिकडची वॉकीटॉकी आणू नका. अमेरिकेतले एफआरएस आणि जीएमआरएस सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. तो पट्टा आपल्याकडे असा खुला नाही. युरोपात पीएमआर ४४६ म्हणून जे सेट मिळतात त्यांचा पट्टा आपल्यासारखाच आहे, पण मान्यतेचा प्रश्न तिथंही सुटत नाही. उलट इथला ४४६ चा सेट अमेरिकेत नेऊन वापरू नका, कारण तिथं तो पट्टा परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांचा आहे. आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी ती चिमुकली यंत्रं तर मुळीच आणू नका. डिसेंबर २०२४ मध्ये कॅनडाच्या एका धावपटू बाईंना गोव्याच्या विमानतळावर अशाच यंत्रापायी अडवून ठेवलं होतं. तिकडे डोंगरात जाणारा प्रत्येक जण जे बाळगतो, ते इथं परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा ठरू शकतो. भेट म्हणून आणलेल्या वस्तूपायी मुलाबाळांनी पोलिसांसमोर उभं राहावं, हे कोणत्या आजीला आवडेल?

अमेरिकेतल्या जीएमआरएस परवान्यातली एक गोष्ट मात्र मला फार आवडली. पस्तीस डॉलर भरले की दहा वर्षांचा परवाना मिळतो, परीक्षा नाही. आणि तो एकट्याचा नसतो. नवरा-बायको, मुलं, नातवंडं, आई-वडील, आजी-आजोबा, भाऊ-बहीण, काका-मावशी, भाचे-पुतणे, सासरची माणसं, सगळी त्यात बसतात. आपण एकत्र कुटुंब मोडून वेगळी बिऱ्हाडं केली आणि अमेरिकन सरकारनं एका परवान्यात अख्खा वाडा बसवला! भाच्याला मी तोच घ्यायला सांगितला. पाच वॅटचा हातातला सेट तिकडे त्या परवान्यावर सरळ वापरता येतो. तो काढायचा नसेल तर दोन वॅटपर्यंतचे एफआरएस सेट परवान्याविनाच चालतात.

आता त्या तरुणाचा मुद्दा, कारण तो खोटा नव्हता. तो म्हणाला, "आजी, जीव वाचवायचा असतो तेव्हा कायदा कोण बघतं?" वेळ आली तर कोणीच बघत नाही, मीही बघणार नाही. पण त्याच्या यंत्रावर हवी ती फ्रिक्वेन्सी लागते म्हणजे नको तीही लागते. कुठं पोलिसांचं बोलणं चाललेलं असेल, कुठं रुग्णवाहिकेचं. आपला "अहो, चहा घ्यायचा का?" हा प्रश्न जाऊन त्यांच्या मधे पडला तर कोणाचा जीव वाचला? आणि दुसरं म्हणजे, त्या यंत्राला आकड्यांची बटणं आहेत. पिशवीत दबलं, पावसात बोट घसरलं, की फ्रिक्वेन्सी बदलते. सेट सुरू असतो, दिवा लागलेला असतो आणि माणूस एकटाच बोलत असतो. ज्याला यंत्रातलं कळतं त्याच्या हे लगेच ध्यानात येईल. सत्तरीच्या वहिनींच्या येणार नाही. त्या म्हणतील, कोणी उत्तरच देत नाही बाई.

म्हणून मी म्हणते, इथं कायदा आणि कच्चा विद्यार्थी एकाच बाजूला आहेत. परवानामुक्त सेटला ठरलेले चॅनल असतात, बटणं मोजकी असतात, कुलूप लावता येतं. त्याची ताकद कमी आहे हे खरं. पण वहिनींना जे येतं तेवढंच त्यात आहे.

मागच्या वर्षीची हकिगत आमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. परिक्रमेत आमच्यातले दोघं, एकाला गुडघ्याचा त्रास आणि दुसऱ्यांना ऐकायला कमी, पावसात मागं राहिले. पुढच्यांना वाटलं येताहेत. दीड तास कोणाचा कोणाला पत्ता नाही. मोबाईल सगळ्यांकडे होते, चांगले महागाचे होते. दोघं सुखरूप सापडले, पण त्यातल्या एकांची साखरेची गोळी पुढं गेलेल्या पिशवीत होती. त्या दीड तासात काय होऊ शकलं असतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते मी इथं लिहीत नाही.

त्यातून माझा दुसरा आग्रह निघतो. सेट किती आणायचे यापेक्षा ते कोणाकडे द्यायचे हे आधी ठरवा. नेहमी काय होतं? सेट पुढाऱ्यांकडे जातात. पुढे चालणारा, पैसे जमवणारा, फोटो काढणारा. म्हणजे ज्यांना हरवण्याची भीती नाही त्यांच्याकडेच. तीन सेट असतील तर एक सर्वांत पुढच्याकडे द्या, एक सर्वांत मागच्याकडे, आणि तिसरा जो सर्वांत कच्चा आहे त्याच्या गळ्यात. बर्फावरही हेच. भरधाव पुढं जाणाऱ्याला मागं कोण घसरलं ते दिसत नाही, इंजिनाच्या आवाजात हाकही ऐकू येत नाही. हिमकडा कोसळून कोणी गाडला गेला तर पहिली दहा-पंधरा मिनिटं महत्त्वाची. बाहेरून मदत येईपर्यंत वेळ गेलेली असते, वाचवायचं असतं ते सोबत्यांनीच. गाडलेल्याला शोधायला ४५७ किलोहर्ट्झवरचं वेगळं यंत्र अंगावर बांधतात, वॉकीटॉकी त्याची जागा घेऊ शकत नाही. उलट ती त्याच्यापासून थोडी दूर ठेवावी लागते, नाहीतर त्याच्या कामात अडथळा येतो. पण "थांबा, माघारी फिरा" हे पुढच्याला त्याच क्षणी सांगायला मात्र तीच लागते.

घेताना बघायच्या बारीकसारीक गोष्टी पटापट सांगते. बोलायचं बटण मोठं हवं. भाच्याला जाड हातमोज्यातून दाबता आलं पाहिजे, आमच्या मंडळींना संधिवाताच्या बोटांनी. खांद्याला अडकवायचा वायरचा माईक मिळत असेल तर घ्यावा. म्हणजे सेट आत, उबेत किंवा कोरड्यात राहतो आणि माईक तोंडाजवळ. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून तिकडे सेट कोटाच्या आत ठेवतात. आपल्याकडे शत्रू पाऊस. आयपी ६७ लिहिलेला सेट मीटरभर पाण्यात अर्धा तास पडला तरी टिकावा अशी अपेक्षा असते. साध्या पेन्सिल सेलवरही चालणारा मिळाला तर उत्तम, कारण पेन्सिल सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात आणि चार्जर नेहमी घरी राहतो.

आणखी एक फसवा शब्द म्हणजे प्रायव्हसी कोड. तो लावला की आपलं बोलणं गुप्त राहतं असं वाटतं. तसं काही होत नाही. आपलं बोलणं सगळ्यांना जातं, फक्त आपल्याला इतरांचं ऐकू येईनासं होतं. म्हणजे कानात बोळे घालून बसण्यातला प्रकार. गर्दीत गोंगाट टाळायला तो बरा, पण एका जरी सेटवर वेगळा कोड राहिला तर तो माणूस बोलत राहील आणि कोणाला ऐकू जाणार नाही. म्हणून निघण्यापूर्वी अंगणात सगळे सेट ओळीनं ठेवून प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा बोलून बघायचं.

आणि मग शिस्त. बटण दाबा, मनात एक म्हणा, मग बोला. लगेच बोललात तर पहिला शब्द कापला जातो आणि "नका येऊ" चं नुसतं "येऊ" पोचतं. आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं नाव, मग काम. दर अर्ध्या तासानं हजेरी. ज्याची हजेरी लागली नाही त्याच्यासाठी सगळे जागेवर थांबतील. या यंत्रात एक जण बोलत असला की दुसऱ्यानं गप्प बसावं लागतं, आणि बटण सोडल्याशिवाय पलीकडचं ऐकूच येत नाही. आपल्या घराघरांत आणि सभांमध्ये अशी सोय असती तर किती बरं झालं असतं! असो.

ज्यांना खरोखर जास्त ताकदीचं यंत्र हवं, त्यांच्यासाठी सरळ रस्ता आहे. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना काढावा. वयाची बारा वर्षं झालेल्या मुलालाही परीक्षा देता येते. खालच्या श्रेणीला मोर्सची कडकट्टही लागत नाही. मात्र एकानं परवाना काढून सहा जणांना सेट वाटता येत नाहीत. बोलणाऱ्या प्रत्येकाला आपापला परवाना हवा. आमच्या त्या तरुणाला मी हेच म्हटलं, बाबा रे, तुला ताकद हवी ना, मग अभ्यास कर.

हे मी गमतीनं म्हणत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीत जे झालं ते लातूर-उस्मानाबादकडच्या माणसाला सांगायला नको. तेव्हा मोबाईल नव्हता, देशात तो आला १९९५ मध्ये. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे म्हणून आपण निर्धास्त आहोत. पण मनोऱ्याला वीज लागते, आणि संकटात आधी वीजच जाते. डिसेंबर २००४ च्या सुनामीत अंदमानात इतर संपर्क तुटला, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे हौशी रेडिओवाले सोबती पोर्ट ब्लेअरला होते आणि त्यांच्या सेटवरून निरोप गेले. ही मंडळी हैदराबादच्या संस्थेमार्फत तिथं गेली होती. हैदराबाद आपल्याला काही परकं नाही. २०२४ मध्ये मार्च आणि जुलैत हिंगोलीकडचे धक्के नांदेडला जाणवले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात गावं पाण्यात गेली आणि लष्कराला बोलवावं लागलं. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या शाळांमधून दहा-वीस पोरापोरींनी जरी ही परीक्षा दिली, तरी पुढच्या वेळी निरोप अडणार नाही.

तर आमचं ठरलं ते असं. ४४६ चे, मान्यतेचे, अर्ध्या वॅटचे सहा सेट. वर्गणी माणशी सारखी. सेट कोणाकडे राहणार याची यादी मी केली आहे आणि तिच्यात पहिलं नाव पुढाऱ्याचं नाही, गुडघ्याचा त्रास असलेल्या काकांचं आहे. त्यांनी कुरकुर केली, "मला कशाला, मी तर मागंच असतो." म्हटलं, काका, म्हणूनच.